एका केसाची जागा

ह्यांच्या डोक्यावर केस न्हाईत, हे आधीच सांगून ठेवते. लग्नात होते, फोटो आहेत. पण आमच्या घरी मोटारीचं इंजिन बसवायची वेळ आली तोवर संपलेले होते, आणि सगळं रामायण तिथूनच सुरू झालं.

मोटार सासऱ्यांची. जालन्यात आमच्या घरामागं पत्र्याच्या शेडमध्ये ती इतकी वर्षं उभी होती की मी नांदायला आल्यापासून तिच्या टपावर मिरच्याच वाळवल्या. सासरे गेले, गाडी राहिली. विकायचं नाव काढलं की माझ्या सासूबाई तोंड फिरवून बसायच्या. सासूला आमच्याकडं आत्याबाई म्हणतात.

त्याला कारण होतं. आत्याबाईंचं माहेर कुंभार पिंपळगाव. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला सासरे ह्याच मोटारीतून त्यांना माहेरी घेऊन गेले. काळा गॉगल, नवा शर्ट, सगळा थाट. आणि ऐन वेशीत गाडी बंद पडली. अख्खं गाव बघायला जमलं. मंग आत्याबाईंच्या थोरल्या भावानं, म्हणजे आमच्या मामांनी, बैलजोडी आणली, दोर बांधला आणि जावयाची मोटार दारापर्यंत ओढत नेली. तेव्हापासून आत्याबाई माहेरी निघाल्या की मामांचा फोन ठरलेला. "निघाली का गं? बैल पाठवू का?" ह्या एसटीनं जाऊ देत न्हाई तर जीपनं, बैल आहेतच. फक्त सासरे गेले त्या वर्षी मामांनी विचारलं न्हाई, तर आत्याबाई तेवढ्यावरून जास्त रडल्या.

मागच्या वर्षी मामा मोठ्या दुखण्यातून उठले. आत्याबाईंनी देवापुढं बसून जाहीर केलं, "औंदा भाऊबीजेला मी आपल्या मोटारीतच जाणार. अन् मोटार वेशीतून स्वतःच्या पायानं आत गेली पाहिजे. दादाला एकदा दाखवायचंय. पुढचं कुणी बघितलंय?"

हे सरकारी कचेरीत. काहीही समोर आलं की आधी बाजूला ठेवायचं, हा ह्यांचा स्वभाव. पण आई असं बोलली आणि माणूस हलला. दुसऱ्याच दिवशी गल्लीच्या टोकाचे मिस्त्री आले. त्यांना मोटारीची जितकी हौस, तितकीच बोलण्याची. त्यांनी इंजिन उघडलं. आत सगळं गंजून एकजीव झालेलं. मंग सिलिंडर लेथवर घासून मोठे केले, नवे जाड पिस्टन मागवले. आता खरं नाजूक काम म्हणजे पिस्टन त्या सिलिंडरात बसवणं. घट्ट बसला तर तापल्यावर फुगून अडकतो, ढिला बसला तर खडखड वाजतो आणि वर तेल पितो.

"जागा किती सोडायची?" ह्यांनी विचारलं.

"बस साहब, एक बाल बराबर."

झालं! कचेरीतला माणूस, त्याला लेखी सूचना मिळाल्यासारखं झालं. केसाची जाडी मोजायचं यंत्र मागवलं. मी वांगी चिरून राह्यले होते, तर मागून येऊन ह्यांनी टचकन माझा केस उपटला.

"अगं बाई! डोकं फिरलंय का तुमचं?"

"थांब, मोजू दे. माझ्याकडं न्हाई म्हणून तर तुझा घेतला." मोजून म्हणाले, "तुझा जाडच आहे," आणि असं तोंड केलं की जशी माझ्या माहेरच्यांनी फसवणूक केली.

मंग आत्याबाईंचा मोजला. तो निघाला बारीक. आत्याबाई अशा खुलल्या की विचारू नका. "आमच्या घराण्यात सगळं नाजूकच असतं," म्हणाल्या.

"नाजूक? परवा एका दणक्यात नारळ कुणी फोडला?"

"हे केस काही उन्हात पांढरे झाले न्हाईत, सूनबाई. इंजिनाला अनुभवाचा केस पाहिजे!"

आता घरात प्रश्न हा, की पिस्टन सासूच्या केसानं बसवायचा का सुनेच्या. स्वयंपाकघरात अबोला सुरू झाला. मीठ मागायचं तरी ह्यांच्यामार्फत. शेवटी ह्यांनी दोन्ही केस कागदाच्या पुडीत बांधले आणि मिस्त्रींपुढं नेऊन ठेवले. मिस्त्री आधी पुडीकडं बघत राहिले, मंग टायरवर बसून इतके हसले की त्यांना पाणी द्यावं लागलं.

"अरे साहब, वो तो बोलने की बात है! नापने को पत्ती है ना!" म्हणत त्यांनी खिशातून पोलादाची पातळ पट्टी काढली आणि पिस्टनच्या कडेनं अलगद सरकवून दाखवली. माझा केस गेला तो गेलाच.

त्यानंतर पिनांचा दिवस आला. पिस्टनला दांड्याशी जोडणारी ही जाड पिन इतकी चपखल असते, की हातानं जातच न्हाई. पिस्टन उकळत्या पाण्यात टाकायचा म्हणजे तो फुगतो, पिन बर्फात ठेवायची म्हणजे ती आकसते, आणि तेवढ्या पळात पिन आरपार सारायची. मिस्त्रींच्या दुकानात ना गॅस, ना फ्रिज. म्हणून पिस्टन कुठं उकळला? माझ्या दुधाच्या पातेल्यात! पिना फ्रिजरात, मटाराच्या पिशवीवर. मी तेव्हाच सांगितलं, ह्या पातेल्यात आता दूध तापणार न्हाई, नवं पातेलं आणा.

मिस्त्री ओरडले, "अब! डालो, साहब, डालो!"

हे पिन हातात धरून म्हणाले, "सरळच आहे ना? एकदा खात्री करून घेऊ का?"

खात्री होईस्तोवर पिस्टन निवला आणि पिन अर्ध्यात अडकली. धड इकडं न्हाई, धड तिकडं न्हाई. मिस्त्रींनी कपाळ बडवून घेतलं. ती ठोकून काढली, पुन्हा पाणी, पुन्हा बर्फ. दुसऱ्या वेळी माझाच संताप झाला. पिस्टनला फडकं गुंडाळून मी सांडशीनं उचलला, ह्यांच्या नाकासमोर धरला आणि ओरडले, "घाला!" ह्यांना विचार करायला सवडच मिळाली न्हाई. पिन सुर्रकन आत गेली. उरलेले तिन्ही तसेच बसवले. आत्याबाई दारात उभ्या राहून देवाचं नाव घेत होत्या आणि मधूनच मला म्हणत होत्या, "आणखी जोरात ओरड."

इंजिन चालू झालं तेव्हा आत्याबाईंनी त्याला हळदकुंकू लावलं, बोट पोळलं तरी हसत होत्या. मिस्त्रींनी बजावलं, "अभी नया है, कसा हुआ है. चालीस के उपर नहीं भगाना. गर्म लगा तो रुको. थोडा सबर करोगे तो जिंदगीभर साथ देगा."

भाऊबीजेला निघालो. चाळीसच्या आत! मोटरसायकली गेल्या, टमटम गेल्या, आणि शेवटी दोन ट्रॉल्या उसाचा ट्रॅक्टर भोंगा वाजवत पुढं गेला तेव्हा आत्याबाईंना अपमान सोसेना. "दाब रे जरा!" हे म्हणाले, "आई, जाम होईल." इंजिनाला वारा लागावा म्हणून थांबत थांबत चाललो. तीर्थपुरीला चहा घेताना मामांचा फोन आला. "कुठवर आली गं? बैल पाठवू का?" आत्याबाई नुसतं "येऊन राह्यले" म्हणाल्या आणि फोन ठेवला. पदरानं गळ्याचा घाम पुसला. मला त्यांची लई माया आली तेव्हा.

कुंभार पिंपळगावची वेस दिसली. इंजिन असं एका सुरात चाललेलं, की कान ठेवून ऐकावं. आत्याबाई पुढच्या सीटवर ताठ बसलेल्या.

आणि वेशीत मामा उभे.

दुखण्यानं पार वाळलेले, डोक्याला पटका, खांद्यावर दोर. शेजारी शिंगं रंगवलेली, गोंडे लावलेली बैलजोडी. मामांच्या घरी आता बैल न्हाईत, ट्रॅक्टर आहे. कुणाचे तरी मागून आणलेले. गाडी आपल्या पायानं येताना बघून त्यांचं तोंड एवढंसं झालं, आणि त्यांनी खांद्यावरचा दोर हळूच पाठीमागं लपवला.

आत्याबाई पुढं बघत म्हणाल्या, "बंद कर."

"काय?" हे म्हणाले.

"इंजिन बंद कर म्हणते न्हाई का!"

ह्यांनी बंद केलं. आत्याबाईंनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं आणि ठणाणा केला, "दादा! पडली बघ मेली बंद! जोड बैल!"

"आई, बंद कुठं पड..." हे बोलायला लागले तेवढ्यात मी मागून असा चिमटा काढला की शब्द आतच राहिला. माझं दुधाचं पातेलं, माझा केस, आत्याबाईंचं पोळलेलं बोट, सगळं डोळ्यांपुढून गेलं. राग येऊन राह्यला होता आणि रडू पण.

मामा मात्र असे खुलले, की दुखणं कुणाला झालतं असं वाटावं. "म्हणलं नव्हतं का मी! म्हणलं नव्हतं!" करत त्यांनी स्वतः दोर बांधला. पोरंबाळं गोळा झाली, आत्याबाई आतून कपाळाला हात लावून दाखवत होत्या, आणि आमची नवं इंजिन बसवलेली मोटार बैलांमागं निघाली.

मामा माझ्या खिडकीशेजारून चालत होते. थोडं पुढं गेल्यावर वाकले आणि हळूच म्हणाले, "सूनबाई, लई गोड वाजत होती हो गाडी. पार ओढ्यापासनं ऐकून राह्यल्तो."

मी काही बोलणार, तोच पुढं बसलेल्या बहिणीकडं बघून त्यांनी ओठावर बोट ठेवलं. "तिला बोलू नको," म्हणाले, आणि बैलांना हाक दिली.