नावाआधी श्री

"कुणी हात लावला याला? आं? परवापर्यंत पळत होता की हा प्रोग्राम!"

आमचे शेठ ओरडत होते. बारामतीत फवारणी पंप दुरुस्तीच्या दुकानावर आमचं दोन खोल्यांचं ऑफिस. शेठचा आवाज असा की खालच्या मिस्त्रीच्या हातून पाना सुटला. भिगवणला थंडीत येणारे रोहित पक्षी त्या वर्षी उशिरा आले ते या ओरडण्यामुळंच, हे मी कुठल्याही देवळात सांगायला तयार आहे.

कारणही तसंच होतं. जमिनीतली ओल मोजून उसाला पाणी कधी द्यायचं ते सांगणारा आमचा प्रोग्राम दुसऱ्या दिवशी निमगाव केतकीत शेतकऱ्यांना दाखवायचा होता. आणि दसऱ्याची सुट्टी संपवून डेमोचा लॅपटॉप उघडला, तर प्रोग्राम लिहायच्या एडिटरमध्ये वरच्या सगळ्या इम्पोर्टच्या ओळींखाली पिवळ्या नागमोडी रेघा. म्हणजे ज्या तयार लायब्ऱ्यांच्या जिवावर प्रोग्राम चालतो, त्यातली एकही त्याला सापडेना.

आता निमगाव माझं गाव. पण तिथं उभं राहून दाखवणार कोण? ती. सहा महिन्यांपूर्वी निरवांगीहून आलेली पोरगी. मी आठ वर्षं इथं खुर्ची झिजवली. नवी मागितली तेव्हा उशी मिळाली. तिला आल्या आल्या चाकांची खुर्ची. प्रोग्राम तिनं लिहिला होता, हे मान्य. पण गाव माझं, भावकी माझी, आणि पुढच्या रांगेत बसणारे आबा माझे वडील. त्यांना मी 'प्रोग्राम मीच केलाय' असं जवळजवळ सांगून बसलो होतो. जवळजवळ म्हणजे पूर्णच. ती कीबोर्डकडं न बघता टाइप करायला लागली की माझ्या पोटात असा जाळ व्हायचा, की त्यावर गुऱ्हाळाची काहील उकळली असती.

त्यामुळं त्या सकाळी ती यायच्या आत मी बाह्या सरसावल्या. म्हटलं, हा रोग मीच बरा करतो, मग बघू उद्या कोण उभं राहतंय ते. लायब्ररी टाकायचा हुकूम दिला. हुकूम घेणारी काळी खिडकी, म्हणजे टर्मिनल, म्हणालं, आधीपासूनच आहे. एडिटर म्हणाला, सापडत नाही. एक म्हणतोय पाव्हणा आत जेवतोय, दुसरा म्हणतोय पाव्हणा आलाच नाही. मी सत्तर वेळा टाकली असेल. शेठ सात म्हणतात, पण शेठचं मोजणं कच्चं आहे. लॅपटॉपचा पंखा असा घोंगावला की टेबलावरची झेंडूची फुलं खिडकीतून बाहेर गेली.

तेवढ्यात ती आली. खांद्यावरची पिशवीही न उतरवता म्हणाली, "दादा, जरा बघू?"

मी ज्या ओळींकडं तासभर डोळे फाडून बघत होतो, त्यांच्याकडं तिनं ढुंकूनही पाहिलं नाही. तिनं पाहिलं पडद्याच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात. "ह्यानं दुसराच पायथन धरलाय."

त्या लॅपटॉपवर तीन पायथन होते, म्हणजे प्रोग्राम पळवणारी तीन इंजिनं. तिन्ही मीच वेगवेगळ्या वर्षी टाकलेले. शेठ म्हणाले, "म्हंजे काय गं?"

"शेठ, मोटर चालू हाय, पाणीबी चाललंय. पर व्हॉल्व्ह शेजाऱ्याच्या रानाचा उघडा हाय."

"आत्ता कळलं!" शेठ मांडीवर थाप मारून म्हणाले. आठ वर्षं मी त्या माणसाला समजावून घसा सुकवला. आत्ता कळलं म्हणे!

"पण आपला कुठं गेला?" असं पुटपुटत तिनं फोल्डर उघडला. या प्रोग्रामचा स्वतःचा पायथन, त्याच्या लायब्ऱ्यांसकट, त्याच फोल्डरात मांडलेला होता, आणि त्याच्यात फोल्डरचा अख्खा पत्ता कोरलेला. फोल्डरचं नाव बदललं की तो आपल्याच घरात परका. आणि नाव बदललेलं होतं. पुढं श्री लागलं होतं.

खंडेनवमीला शेठ गावी, ती निरवांगीला. पूजेला मी एकटा. लॅपटॉपना हळदकुंकू लावलं, झेंडू वाहिला. आमच्या घरात श्री लिहिल्याशिवाय किराणाची यादीसुद्धा सुरू होत नाही. म्हणून फोल्डरच्या नावाआधीही श्री घातलं. भक्ती होतीच. पण खरं सांगायचं तर तिच्या त्या अख्ख्या प्रोग्रामवर एक तरी अक्षर माझं असावं, असंही वाटलं होतं.

"नाव कुणी बदललं?" शेठ गरजले.

मी छताच्या पंख्याची पाती मोजू लागलो. तिनं माझ्याकडं एकदा बघितलं. "झालं आसंल कशानं तरी. पंधरा मिंटं द्या."

तिनं प्रोग्रामचा पायथन नव्यानं मांडला, फोल्डरातल्या यादीवरून लायब्ऱ्या परत टाकल्या, आणि पडद्याच्या त्याच कोपऱ्यात जाऊन एडिटरला तो धरायला लावला. रेघा एकेक करून गेल्या. श्री मात्र तिनं तसंच ठेवलं.

दुसऱ्या दिवशी निमगावात ती बोलली आणि मी एक्स्टेन्शन बोर्ड धरून उभा राहिलो. शंभर माणसं होती. माझ्या डोळ्यांना लाख दिसली. शेवटी खण-नारळ तिला. आबा उठले आणि तिच्यासमोर जाऊन उभे राहिले.

"पोरी, हे तर आमच्या लेकानं केलंय म्हनं?"

मी हातातल्या बोर्डाची भोकं मोजू लागलो.

"व्हय आबा," ती म्हणाली. "दादांबिगर झालंच नसतं."

आबांची छाती फुगली. माझी मात्र आत गेली. एवढं आयुष्य मी थापा मारण्यात घालवलं, एकेक थाप रचायला मला अर्धा तास आणि दोन चहा लागतात. आणि हिनं ती पाच शब्दांत मारली, तीही माझ्यासाठी, आणि लोकांना पटली! प्रोग्रामचा हेवा मी एकवेळ गिळला असता. हा गिळवेना.

मंडपात आम्ही दोघंच सामान आवरत होतो तेव्हा मी म्हणालो, "ते फोल्डरचं नाव मीच बदललं होतं."

"म्हाईत हाय," ती म्हणाली. "ती वायर नीट गुंडाळा."