मीटरकाकांच्या घरचं रीडिंग

गावातली कुत्री दोनच माणसांवर भुंकत नाहीत, दूधवाल्यावर आणि मीटरकाकांवर. दूधवाला निदान काही देऊन तरी जातो. काका सत्तावीस वर्षं नुसते आकडे घेऊन जात आले. कुणाकडे नवा फ्रीज आला, कुणाचे पाहुणे हलायचं नाव घेत नाहीत, कुणाचं दुकान बसत चाललंय, हे त्यांना मीटरवरून सगळ्यांच्या आधी कळायचं. पण या कानाचं त्या कानाला नाही. त्यांच्या खात्यातले बाकीचे रीडर ओळखीच्या घरांचा आकडा कँटीनमध्ये बसूनच टाकत. मागच्या आकड्यात अंदाजाने भर घातली की झालं. त्याला ते 'बसून रीडिंग' म्हणत. काका त्याला तोंडावर चोरी म्हणत, त्यामुळे खात्यात त्यांचं कुणाशी फारसं पटलं नाही.

बायको गेली त्याला अकरा महिने झाले होते. चौथ्या दिवशी काका पुन्हा फेरीवर होते. लोक म्हणाले, माणूस खंबीर आहे. खंबीर कसले, त्यांना काही वाटतच नव्हतं. जेवण जात होतं, झोप लागत होती. रडू येईल म्हणून सुरुवातीला त्यांनी वाट पाहिली, मग तेही सोडून दिलं. मुलगी फोनवर रडायची तेव्हा ते 'हं, हं' करत भिंतीकडे बघत राहायचे. फोन ठेवला की स्वतःची लाज वाटायची, तीही बेताचीच.

अशात सोलर योजनेचं पत्र आलं. दोन वर्षांपूर्वी बायकोच्या उशाशी ऑक्सिजनचं मशीन आलं, ते शेवटपर्यंत दिवसरात्र चालू असायचं. लाईट गेली की मशीन बंद, आणि काका हातातलं टाकून छोटा सिलेंडर जोडायला धावायचे. तेव्हा तीच त्यांच्या मागे लागली होती. "सगळ्या गावाची वीज मोजता. आपल्या छपरावर एवढं ऊन पडतं, ते कोण मोजणार?" काकांनी नाव घातलं. यादी मुंगीच्या पावलांनी सरकली. या खेपेला त्यांच्या आळीत पॅनेल आणि बॅटरीचा एकच संच उरला होता. अट एवढीच, की वर्षभराचा वापर महिन्याला दीडशे युनिटच्या वर हवा. काकांच्या मागचा नंबर समोरच्या इस्त्रीवाल्या वहिनींचा होता, ज्यांची निम्मी कमाई वीजबिलातच जायची. पण काकांना तो संच हवा होता. अकरा महिन्यांत हवीशी वाटलेली ती एकच गोष्ट होती, तीही बायकोने मागितली होती म्हणून.

सर्व्हे करायला एक चुणचुणीत मुलगी आली. गच्चीवर जाऊन तिने फिती लावल्या, सावल्या बघितल्या आणि खूश होऊन खाली उतरली.

"काका, आळीत असं छप्पर नाही. ना झाड, ना टाकी. सकाळपासून संध्याकाळपर्यंत नुसतं ऊन."

मग तिने बिलं चाळली. चाळता चाळता तिचा हात थांबला.

"एकशे नव्वद, एकशे नव्वद, एकशे नव्वद. अकरा महिने आकडा हललेलाच नाही? मीटर कुठे आहे? फोटो लागतो."

मीटर आतल्या खोलीत होतं, जिथे बायकोचा पलंग होता त्या भिंतीवर. काकांनी दार उघडलं आणि स्वतः उंबऱ्यातच थांबले. मुलीने मीटरचा आकडा वाचला, बिलाशी ताडून पाहिला, पुन्हा वाचला. बिलावरचा आकडा मीटरच्या सतराशे युनिट पुढे गेला होता. काकांनी आख्ख्या गावात एकाच घराचं बसून रीडिंग घेतलं होतं, ते म्हणजे स्वतःच्या. दर महिन्याला मागच्या आकड्यात एकशे नव्वद मिळवायचे आणि तेवढं बिल वेळच्या वेळी भरायचं. बायको असताना तेवढेच युनिट यायचे. या खोलीत पाऊल टाकायला लागू नये म्हणून केलं होतं, की आकडा उतरलेला बघायला नको म्हणून, हे त्यांनी कधी स्वतःला विचारलं नव्हतं.

"खरा वापर महिन्याला पस्तीसच दिसतोय," मुलगी हळूच म्हणाली. ती काही कच्च्या गुरूची चेली नव्हती, तिला सगळं उमगलं होतं. "मीटर बिघडलंय, असं टाकते. मग बिलातला आकडा धरतील. संच मिळेल तुम्हाला, आणि तुमच्यावरही बालंट येणार नाही."

हो म्हणायला काहीच लागत नव्हतं. छप्पर त्यांचं होतं, अर्ज बायकोच्या हट्टाचा होता.

"मीटर चांगलं आहे," ते म्हणाले.

"मग संच वहिनींना जाईल."

"जाऊ दे. त्यांचा आकडा खरा आहे."

"वापर कमी झाल्याचं कारण लिहावं लागेल." तिने टॅब पुढे धरला. घर बंद, भाडेकरू गेले, मीटर नादुरुस्त, इतर. हीच यादी काकांनी हजार घरांसाठी भरली होती.

"इतर. बायको वारली, असं लिही."

हे त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच निघत होतं. कळवायचं काम तेव्हा लेकीने केलं होतं. सर्व्हेवालीने मान खाली घालून लिहिलं.

"कधीपासून कमी झाला? तारीख?"

"चौदा," काका म्हणाले आणि पुढे बोलतच राहिले, सवयीच्या, रीडिंग सांगायच्या आवाजात. "दुपारी. लाईट गेली होती, चाळीस मिनिटं. ती घरी एकटी, मी बाजारपेठेत होतो. सगळी मीटरं बंद पडलेली दिसत होती मला. ओळ पुरी करूनच घरी जावं म्हटलं. सात दुकानं राहिली होती."

मुलीचं बोट टॅबवर तसंच थांबलं. तिथे फक्त तारखेपुरती जागा होती.