सड्यावरच्या पोरी पडत नाहीत

शाळा सुटल्याची घंटा सदूकाका शिवलकरच देत. ती दिली की ऑफिसातलं लाकडी स्टूल खांद्यावर टाकून ते मागच्या मैदानावर जात, व्हॉलीबॉलच्या जाळ्याजवळ ठेवत आणि आधी डावा पाय, मग हाताने उचलून ठेवल्यासारखा उजवा, असे त्यावर चढत. समोर सात-आठ मुली गुडघे वाकवून उभ्या. मग स्टुलावरून चेंडू सुटू लागत. एखादा सपाट, एखादा जाळ्यालगत हळूच सोडलेला, एखादा मारण्याचा आव आणून नुसता टाकलेला.

"चेंडू बघू नको गो, माझा खांदा बघ! चेंडू काय, सांगितलेलं ऐकतो. त्याला सांगतो तो खांदा."

पाली सोडून रत्नागिरीकडे येताना डोंगर चढून वर आलं की सडा लागतो. नजर जाईल तिथपर्यंत जांभ्या दगडाचा कातळ, त्यावर बोटभर माती, आणि दिवाळीनंतर त्या मातीवर पिवळं सुकलेलं गवत. शाळेचं मैदान म्हणजे त्याच सड्याचा एक सपाट केलेला तुकडा. कितीही माती आणून टाका, पाऊस संपला की कातळ पुन्हा डोकं वर काढतोच.

म्हणून सदूकाकांचा एक नियम होता. पडायचं नाही. पायांनी पोचायचं, कंबर खाली ठेवायची, दोन्ही हात ताटासारखे जुळवून चेंडू वर द्यायचा. "तू पडलीस की आपण पाचच उरलो," ते म्हणत. नव्या मुलींना ते एकदा पँट वर करून उजवा गुडघा दाखवत. बाविसाव्या वर्षी, अशाच एका कातळावरच्या सामन्यात, जाळ्याजवळ पडणाऱ्या चेंडूसाठी त्यांनी अंग टाकलं आणि वाटीचे दोन तुकडे झाले. राज्याच्या शिबिराचं पत्र तेव्हा घरी ट्रंकेत होतं. "ते पत्र कातळाने खाल्लं," एवढं बोलून ते पँट खाली करत आणि स्टुलावर चढत. कायम शिपाई झाल्यापासून वीस वर्षं हे चाललं होतं. तालुक्याच्या स्पर्धांत लोक म्हणत, सड्यावरच्या पोरी पडत नाहीत. सदूकाकांना ते ऐकायला आवडे.

राही त्यांची सगळ्यात बुटकी आणि सगळ्यात चपळ मुलगी. दहावीत होती, उंची चार फूट दहा. जाळ्यावर तिचा काही उपयोग नव्हता. संघात तिला एकच जागा होती, लिबेरोची, म्हणजे वेगळ्या रंगाचा शर्ट घालून मागे फक्त बचाव करणारीची. जिल्ह्याच्या संघात ती जागा मिळवायची तर याच वर्षी. पुढच्या वर्षी ती वयात बसणार नव्हती.

चिपळूणला पहिली चाचणी देऊन ती परत आली तेव्हा सदूकाका घंटेखाली उभे होते.

"काका, कच्च्या यादीत नाव घातलंनी."

"मग तोंड का गो असं?"

"आम्ही दोघी आहोत. जागा एकच. तीन आठवड्यांनी परत बोलावलंय." ती चप्पल जमिनीवर घासत राहिली. "दहातले तीन चेंडू मी सोडले. निवडीच्या बाईंनी विचारलं, पडली का नाहीस? मी म्हटलं, आमच्याकडे पडत नाहीत. सगळ्या हसल्या."

"हसू देत. लाकडी फळ्यांवर पडायला काय जातंय त्यांचं!"

"आणि त्या म्हणाल्या, ही मुलगी चेंडूच्या आधी जमीन बघते."

"जमीन? उलटंच कायतरी!"

दुसऱ्या दिवशी त्यांनी मुद्दाम आखूड चेंडू टाकले, आणि वीस वर्षांत पहिल्यांदाच मुलींचे हात न बघता डोळे बघितले. चेंडू सुटला की राहीचे डोळे क्षणभर खाली जात. दगड कुठे, खाच कुठे, गवताचा टोचरा बुडखा कुठे, एवढं बघून ते वर येत. तेवढ्यात चेंडू जमिनीला लागलेला असे. मग त्यांनी दुसऱ्या मुलीला बोलावलं. तीही तसंच. आठही जणी तसंच. सदूकाका स्टुलावरून उतरले आणि त्या दिवशी सराव लवकर आटपला.

रविवारी सकाळी राही त्यांच्या घरी आली तेव्हा गोदाकाकू चुलीपाशी घावन घालत होत्या. पहिलं घावन राहीच्या ताटलीत पडलं.

"तिला ते पॅनकेक शिकवायचंय," सदूकाका म्हणाले. "तळवा जमिनीवर सपाट टाकायचा. चेंडू त्याच्या पाठीवर पडतो आणि वर उडतो. त्या बाईंना तेच हवंय."

"पॅनकेक म्हणजे घावनच की!" काकू म्हणाल्या. "माझ्या भावाचा नातू मुंबईहून आला की तेच म्हणतो." त्यांनी तव्यावर पीठ ओतलं. ते आपसूक पसरलं. "बघ गो बाय, हात आपटू नको, पसरू दे. आपटलास की भाकरी झाली."

"तू आता व्हॉलीबॉल शिकव," सदूकाका म्हणाले, "मी घावन घालतो."

"घाला. तव्याला चिकटवाल सगळी."

भाट्याच्या किनाऱ्यावर ओहोटी होती. सुरूच्या झाडांपासून दूर, ओल्या वाळूवर सदूकाकांनी काठीने कोर्टाची रेघ ओढली आणि सांगायला सुरुवात केली. मोठं पाऊल टाक, कंबर खाली, हात पुढे. राहीने पाऊल टाकलं, वाकली आणि थांबली. पुन्हा टाकलं, पुन्हा थांबली.

"काका, तुम्ही करून दाखवा. तोंडाने सांगून नाही कळत."

तिने चेंडू हातात घेतला. आता नाही म्हणायची सोय नव्हती. सदूकाका वाकून उभे राहिले. पस्तीस वर्षांत ते मुद्दाम कधी पडले नव्हते. चेंडू सुटला, त्यांनी अंग टाकलं, आणि हात पुढे जाण्याआधी उजवा गुडघा वाळूत रुतला. चेंडू हातभर पुढे पडला. ते तसेच पालथे राहिले. राही धावत आली.

"लागलं?"

"नाय." ते कुशीवर वळले. कानात, मिशीत वाळू. बराच वेळ ते त्या गुडघ्याने केलेल्या खड्ड्याकडे बघत होते. "असाच पडलेलो गो मी तेव्हा. गुडघा आधी."

"पण कातळ होता ना तिथे?"

"कातळ होताच. गुडघा मी नेला त्याच्यावर. पडायचं कसं, ते मला कोणी शिकवलंच नव्हतं." ते उठून बसले. "आणि मी तुम्हाला शिकवलं नाय."

राहीने चेंडूची वाळू झाडली आणि परत रेघेवर जाऊन उभी राहिली.

पुढे ते पडण्याचे तुकडे पाडून एकेक शिकवत गेले. गुडघा बाहेर वळव. तळवा सरकव. छाती शेवटी. तीन रविवार दोघं वाळूत माखली. दुसऱ्या रविवारी राहीला पडायची एवढी चटक लागली की ती प्रत्येक चेंडूला जमिनीवर.

"काय गो, लोळतंस कशाला? तो दोन पावलांवर होता! आधी पाय. पाय संपले की मग घावन."

डोळ्यांचं मात्र जमत नव्हतं. वाळूतही ते शिंपले बघायला खाली जात. शेवटी सदूकाकांनी एक युक्ती काढली. उजव्या हाताने चेंडू टाकताना ते डाव्या हाताची बोटं वर करत. तळवा वाळूला लागायच्या आत राहीने बोटं किती ते ओरडायचं. पहिल्या दिवशी तिची उत्तरं ठोकून दिलेली होती.

"दोन!"

"चार होती. तिथे काय सोनं पडलंय?"

तिसऱ्या रविवारी तिची दहातली आठ बरोबर आली. दोन चुकली. ती दोन सदूकाकांच्या डोक्यातून जाईनात.

चाचणीच्या दिवशी चिपळूणच्या हॉलमध्ये ते दाराशी राहीची चप्पल आणि पाण्याची बाटली घेऊन बसले. फळ्या आरशासारख्या चकचकीत होत्या. दुसऱ्या मुलीची चाचणी आधी झाली. ती राहीपेक्षा उंच होती, सुरेख पडत होती, पण दर वेळी उठायला उशीर करत होती. दहातले सात तिने घेतले.

मग राही. पहिले चेंडू तिने पायांनीच पोचून घेतले, उभ्याने, हातांच्या ताटावर. पाचवा बाजूला गेला, तो सोडला. आठवा अंगावर आला, हातावरून उडून भिंतीला लागला. दहावा उरला तेव्हा तिचेही सातच झाले होते.

निवडीच्या बाईंनी हात जोरात मागे नेला. खांदा मात्र सैल पडला. ते सदूकाकांना दारातून दिसलं, आणि राही तेव्हाच निघाली होती. चेंडू जाळ्याच्या कडेने सरळ खाली येत होता. पावलं संपली. तिथे सदूकाकांची नजर खाली गेली. दगड कुठे, खाच कुठे.

त्यांना ऐकू आला तो फक्त आवाज. तळवा फळ्यांवर सरकल्याचा, आणि त्यावर चेंडूचा बोदा ठोका. मग मुलींचा एकच गलका. त्यांनी वर बघितलं तेव्हा चेंडू जाळ्याइतका उंच होता आणि राही उभी होती.

तासाभराने यादी लागली. लिबेरोपुढे तिचं नाव होतं.

ती अनवाणीच धावत आली. हाताच्या पाठीवर चेंडूचा लाल ठसा उमटला होता.

"काका, शेवटचा बघितलात?"

सदूकाकांनी चपला तिच्या पायांपुढे नीट ठेवल्या.

"नाय गो," ते म्हणाले. "मी जमीन बघत होतो."