जो अंकलनी दाखवलेली पानगळ

ज्या माणसाने मला वाळवंटाच्या देशात पानगळ दाखवली, तो आज सकाळी वसईत वारला.

जो अंकल. दुबईत अल मनखूलला आमच्या शेजारच्या फ्लॅटमध्ये राहायचे. हॉटेलात बँक्वेट मॅनेजर. आवाज असा, की लिफ्टमध्ये बोलले तरी अख्ख्या बिल्डिंगला कळायचं.

रास अल खैमाच्या डोंगरात, चांगलं तासभर चढून गेलं की डाळिंबाची एक जुनी बाग आहे. थंडीत तिची पानं पिवळी होतात, असं त्यांना कुणीतरी सांगितलं.
झालं! अंकलना ध्यासच लागला.

पण डिसेंबर म्हणजे हॉटेलचा सीझन. लग्नं, ऑफिस पार्ट्या, ख्रिसमस. सुट्टीचं नाव काढायचं नाही.
म्हणून एका वर्षी आम्हाला नोव्हेंबरात घेऊन गेले. बाग हिरवीगार.
पुढच्या खेपेला जानेवारीत. नुसत्या काड्या!

"अंकल, आता हात टेका," मी म्हटलं.
"नेक्स्ट टाइम. इन्शाल्ला!"

मग २००८ची मंदी आली.

माझ्या नवऱ्याची, नितीनची, नोकरी गेली. व्हिसा कॅन्सल, रविवारचं परतीचं तिकीट, घरभर कार्गोचे खोके.
नितीन भिंतीकडे तोंड करून पडून असायचा. जेवणाचं नाव नाही. मीच ताट ठेवायची, मीच तसंच उचलायची.
खरं सांगते, नोकरीचं मला काही वाटत नव्हतं. त्याच्या जिवाची भीती वाटत होती.

गुरुवारी अंकल दारात.
"पार्ट्या सगळ्या कॅन्सल. हॉल रिकामा पडलाय. इतक्या वर्षांत पहिल्यांदा डिसेंबरात सुट्टी मिळाली मला! उद्या निघायचं."

मी भडकलेच. "अहो अंकल, मी इथे संसार खोक्यांत भरतेय आणि तुम्हाला पानं सुचतायत?"
"मग काय, रडत बसू? ए नितीन, ऊठ. यल्ला!"

त्यांचा शब्द मोडवेना म्हणून उठला बिचारा.

चढताना जिकडे बघावं तिकडे करडे दगड. शेवटचं वळण घेतलं आणि पाय जागीच थांबले.

पिवळं.
अख्खी बाग पिवळी.

आई गं! एवढा पिवळा रंग मी जन्मात कधी झाडावर पाहिला नव्हता. वर पानं, खाली पानांचा थर, आणि वारा आला की मधल्या हवेतही पानंच पानं.

अंकलनी टोपी काढली, चर्चमध्ये काढतात तशी.

आमचा ओम तेव्हा सहा वर्षांचा. दुबईतच वाढलेला. कुजबुजला, "बाबा, आर द ट्रीज सिक?"
"नाही रे राजा," नितीन म्हणाला. "या दिवसांत ती अशीच होतात."

मग तो एका झाडाखाली बसला. डोक्यावर पानं पडत होती, ती झटकलीही नाहीत. कितीतरी वेळ नुसता वर बघत होता.

आणि एकदम म्हणाला, "मेधा, भूक लागलीय गं. डब्यात काय आहे?"

डबा कुठला! खाणार कोण, म्हणून मी काही केलंच नव्हतं.

अंकलनी आपली अंड्याची सँडविचेस काढून त्याच्या पुढ्यात ठेवली. सगळी खाल्ली त्याने. मी बघत होते आणि रडत होते.
"सावकाश रे हबीबी," अंकल म्हणाले, "पाणी पी मध्ये मध्ये."

अंकल, त्या दिवशी तुम्ही मला माझा नवरा परत दिलात.

उद्या आम्ही दोघं वसईला येतोय, तुम्हाला निरोप द्यायला. सुखाने जा.