उघड्या डोळ्यांचा फोटो

मिररलेस कॅमेऱ्यासाठी मला जुनी पन्नास एमएमची लेन्स हवी होती. हाताने फोकस करायची आणि कमी उजेडातही चालणारी. आर्वीतल्या एका बंद पडलेल्या स्टुडिओत ती असल्याचं कळलं, म्हणून पिपरी मेघेहून एसटीने गेलो. मालक सत्तरीपलीकडचे. त्यांनी कपाटातून लेन्स काढली आणि मऊ फडक्याने काच सावकाश पुसली.

"लग्नांत बरीच वापरली असेल ना, काका?" मी विचारलं.

"नाई भाऊ, मयतीत. घरात अंधार राहे, अन् मेलेल्या माणसाच्या तोंडावर फ्लॅश मारनं बरं दिसत नाई. म्हनून हे घेतली होती."

तेव्हा कितीतरी म्हाताऱ्यांचा जिवंतपणी काढलेला एकही फोटो नसायचा. तिरडीवर ठेवण्याआधी ह्यांना बोलावणं यायचं. मग भिंतीवर लावायच्या फोटोत काका ते मिटलेले डोळे बारीक ब्रशने उघडे रंगवून द्यायचे.

"डोये कसे होते, म्हनून मी घरच्यायले विचारत होतो," ते म्हणाले. "कोनालेच धड सांगता येत नसे."

बोलताना त्यांची बोटं फोकसची रिंग फिरवत होती आणि दर वेळी एकाच जागी थांबत होती.

मी लेन्स घेतो म्हटलं. त्यांनी ती माझ्या कॅमेऱ्याला लावायला सांगितली, खुर्ची दारातल्या उजेडात ओढली आणि शर्टाची वरची गुंडी लावून बसले.

"पयले माहा फोटो काढून पाहा. फोकस डोयावर ठेवजा."

मी रिंग फिरवत राहिलो. फोकस लागेपर्यंत त्यांनी पापणी लवू दिली नाही.