मोटरीच्या पोटातलं तांबं

गुरुवारी सकाळी सातला आम्ही उंब्रज सोडलं. मोटारसायकल तात्यांची, मागे मी आणि माझ्या मांडीवर रिकामी पिशवी. तात्या माझे चुलते, सैन्यातून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. घरी मी एक सीएनसी मशीन (संगणकाच्या हुकमाने लाकूड कोरणारं यंत्र) जोडत होते. सांगाडा तयार होता. तो हलवणाऱ्या मोटरी आणि त्या चालवणारं इलेक्ट्रॉनिक सामान सांगलीहून आणायचं होतं.

घाई होती. शनिवारी आमच्या शाळेच्या पाटोळेबाई निवृत्त होणार होत्या. कॉलेजचा अर्ज आमच्या घरात कुणाला भरता येत नव्हता. तो बाईंनी माझ्या शेजारी बसून भरला होता. शाळेच्या वाचनालयाला त्यांचं नाव देणार होते आणि त्याची सागवानी पाटी कोरून देण्याचा शब्द मी दिला होता. सांगलीचं दुकान शुक्रवारी बंद असतं.

कराडनंतर दोन्ही बाजूंना ऊस आणि पुढे उसाचाच ट्रॅक्टर. कडेगावपर्यंत आम्ही त्याच्या मागून गेलो. पलूसला मिसळ खायला थांबलो.

"किती एचपीची घ्यायची?" तात्यांनी विचारलं.

"ही एचपीत न्हाई मोजत, तात्या. किती जोरानं धरून ठेवती ते बघायचं."

"म्हंजे अर्धा एचपी बी न्हाई?"

"न्हाई."

त्यांनी विचारात पडून आणखी एक पाव मागवला.

सांगलीतलं दुकान एका बोळात होतं. दुकानदार बाई चष्मा कपाळावर चढवून तारांना डाग (सोल्डर) देत बसल्या होत्या. "हलवायचं काय आहे आणि किती जड?" एवढंच त्यांनी विचारलं. मी वजन सांगितलं. त्यांनी मुठीएवढ्या तीन स्टेपर मोटरी (मोजून पावलं टाकणाऱ्या) पुढे ठेवल्या.

"याहून मोठी घेतली तर?" मी विचारलं.

"तर तिचं वजन ओढण्यातच तुझं मशीन दमेल, आणि ड्रायव्हरसुद्धा मोठे लागतील." ड्रायव्हर म्हणजे मोटरीला मोजून वीज देणारी डबी. त्याच मधल्या मापाच्या तीन मोटरी, तीन ड्रायव्हर, एक कंट्रोल बोर्ड आणि एक पॉवर सप्लाय असं आमचं ठरलं.

तात्यांनी मोटर तळहातावर घेतली. "आमच्या मिक्सरची हिच्यापेक्षा मोठी हाय."

"मिक्सरला नेमकं कुठं थांबायचं ते कळतं का, दादा? हिला कळतं." मग बाई माझ्याकडे वळल्या. "एवढंच कर, हिला उघडू नको."

मी मान हलवली. तात्या तोवर चांगलं भडंग (लसूण घातलेले तिखट चुरमुरे) कुठं मिळतं ते शेजारच्या दुकानात विचारत होते.

परतताना कडेगावला तात्यांनी गाडी वळवली. तिथे त्यांच्या पलटणीतल्या नामदेवअण्णांचं वायंडिंगचं (जळालेल्या मोटरीत नवी तार गुंडाळायचं) दुकान आहे. आमच्याकडे विहिरीवरची मोटर घेतली की आधी अशा दुकानात नेतात. वायंडिंगवाला ती उघडतो, तार ब्लेडनं खरवडतो आणि आत तांबं आहे की रंग दिलेलं अ‍ॅल्युमिनियम, ते सांगतो. तेव्हा कुठे घरच्यांचा जीव खाली पडतो.

मी नळावर तोंड धुऊन आले. माझी एक मोटर टेबलावर उघडी पडली होती. तिच्या पोटातला दांडा शेजारी, अंगावर लोखंडाचा कीस घेऊन.

"अस्सल तांबं हाय," अण्णा कौतुकानं म्हणाले.

"आवं तात्या, हे काय केलं? आत लोहचुंबक हाय. एकदा बाहेर काढला की त्याचा जोर जातो."

"मग परत घालतो की," अण्णा म्हणाले. त्यांनी कीस पुसून ती जोडलीही. मी एका न उघडलेल्या मोटरीच्या दोन तारा एकमेकींना जोडल्या; तशा जोडल्या की चुंबकात जोर असलेली मोटर हातानं फिरवायला जड जाते. दांडा अण्णांच्या चिमटीत जेमतेम हलला. उघडलेल्या मोटरीच्या तारा तशाच जोडल्या. ती त्यांनी करंगळीनं फिरवली.

"लय वंगाळ झालं गड्या," अण्णा म्हणाले.

तात्यांनी गाडी परत सांगलीकडे वळवली.

बाई शटर ओढायच्या बेतात होत्या. मोटरीच्या स्क्रूवरचे ओरखडे त्यांनी पाहिले.

"विट्याला उघडली का कडेगावला?"

"कडेगावला," तात्या म्हणाले.

"तांबं होतं?"

"व्हय."

"बरं झालं बघितलं. नाहीतर झोप लागली नसती."

त्या मापाची शेवटची मोटर त्यांनी दिली. तात्यांनी पुठ्ठा आणि पेन मागून घेतलं आणि ठळक अक्षरांत लिहिलं: 'मोटर उघडू नये. आत तांबे आहे. मी पाहिले आहे. — हवालदार (निवृत्त), उंब्रज.' बाईंनी तो पुठ्ठा दारातच टांगला आणि त्याखाली पुरावा म्हणून आमची उघडलेली मोटर.

येताना कडेगावला तात्यांनी नुसता हॉर्न वाजवला. मागे बसल्या बसल्या मला माझ्या हॉस्टेलचा पहिला दिवस आठवला. तात्या मला सोडायला आले होते. त्यांनी गच्चीवर जाऊन पाण्याच्या टाकीचं झाकण उघडलं, स्वयंपाकघरातलं पीठ चिमटीत घेऊन पाहिलं आणि मगच वडिलांना फोन केला, "ठेवायला हरकत न्हाई." घरातून एवढ्या लांब शिकायला गेलेली मी पहिलीच. ते असं सगळं उघडून बघत आले, म्हणून मला जाता आलं. मग माझा राग काही टिकेना.

शनिवारी पाटी वेळेवर लागली. पाटोळेबाईंनी आपल्या नावावरून बोट फिरवलं आणि विचारलं, "कुणी कोरली?"

"मशीननं," तात्या पुढे होऊन म्हणाले. "आन मशीन आमच्या पोरीनं केलंय. मी सगळं बघितलंय."