ग्राफोचं कार्ड

माझा मामा एका शब्दकोशाच्या कार्यालयात ग्रीक शब्दांचे अर्थ लावायचा. एका शब्दाला एक कार्ड. वर अर्थ, जुन्याकडून नव्याकडे. खाली उदाहरणाचं एक वाक्य, तेही कार्ड लिहिणाऱ्याच्या स्वतःच्या आयुष्यात घडलेलं. तिथला नियमच तसा होता. मामी चिडली तरी ते कोशात जायचं. म्हणून ती प्रत्येक वाक्य आधी तपासायची आणि बढाई दिसली की पेन्सिलीनं सरळ फुली मारायची. तिच्यापुढे मामाची डाळ कधी शिजली नाही.

अर्धांगवायूनंतर मामीची वाचा गेली, उजवा हात लुळा पडला. डोळे उघडे असायचे, पण नजर कुठंतरी लांब. हिला आता काही कळत नसावं, असं डॉक्टर म्हणाले. दुसऱ्या दिवशी तिची थोरली बहीण गाडी घेऊन येणार होती, तिला शुश्रूषागृहात न्यायला. मामा हो म्हणून बसला होता. मला त्याचा भयंकर राग आला होता.

आदल्या दुपारी मी चहा घेऊन गेले. पडद्यातून आलेलं पिवळट ऊन पलंगावर पसरलं होतं. खोली पाण्याखाली असावी तशी संथ होती. मामा उशाशी बसून, झोपेत बोलावं तसं कार्ड वाचत होता.

"ग्राफो. आधी ओरखडणे. मग कोरणे, मग चित्र काढणे. लिहिणे अगदी शेवटी. लिहिणं किती उशिरा आलं बघ गं!"

मामानं पेन्सिल उचलली. मग त्यानं उदाहरण लिहिलं आणि वाचलं, "लग्नाआधी मी हिला रोज पत्र लिहीत असे."

रोज म्हणे! दोन लिहिली होती, तीही माझ्या आईनं कान पिळल्यावर.

मामीचा डावा हात पांघरुणातून हळूच बाहेर आला. तिनं मामाच्या बोटांतून पेन्सिल ओढली आणि कार्डावर आडवीतिडवी ओरखडली. टोक मोडलं, कागद फाटला, पण फुली झाली.

"दोनच लिहिली होती," मामा पुटपुटला. मामी त्याच्याकडे रोखून बघत होती.

तो हसत होता आणि डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. तसाच उठून त्यानं फोन लावला.

"ताई, उद्या गाडी आणू नका. हिनं आत्ता माझं वाक्य खोडलं."